पहिल्या गोळीआधी पहिली चाचणी

(खास प्रतिनिधी)

कोल्हापूर : भारतातून २०२५ पर्यंत क्षयरोगाचे उच्चाटन करण्याचा संकल्प मार्च २०१८ मध्ये नवी दिल्लीत जाहीर झाला. जगाने हे उद्दिष्ट २०३० साठी ठेवले होते. भारताने ते पाच वर्षे अलीकडे आणले. ही मुदत पाळता आलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार देशात २०१५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला २३७ जणांना क्षयरोग होत असे. २०२४ मध्ये हे प्रमाण १८७ वर आले. म्हणजे नऊ वर्षांत सुमारे २१ टक्के घट झाली. ती जगाच्या सरासरीपेक्षा निश्चितच अधिक आहे. तरीही जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी एक आजही भारतीय आहे आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या रुग्णांत तर भारताचा वाटा सर्वाधिक आहे.

या अपयशाची कारणे सांगताना कुपोषण, दाटीवाटीची वस्ती, अर्धवट सोडलेले उपचार आणि खासगी दवाखान्यांतील विस्कळीत औषधयोजना यांचा उल्लेख नेहमी होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु या सर्व कारणांचा परिणाम शेवटी ज्या ठिकाणी निश्चित होतो, ते ठिकाण रुग्णालयात किंवा मंत्रालयात नाही. ते जंतूच्या पेशीत आहे. डीएनएचे दोन पेड एकमेकांपासून सुटतात आणि जनुकाचे वाचन सुरू होते, त्या क्षणाशी आणि त्या जागेशी क्षयरोगाच्या सर्वांत महत्त्वाच्या औषधाचे यशापयश बांधलेले आहे. ही प्रक्रिया समजून घेतली, तर रुग्णाला पहिली गोळी देण्यापूर्वी कोणती चाचणी व्हायला हवी आणि गोळ्यांमध्ये खंड का पडू नये, हे दोन्ही प्रश्न स्पष्ट होतात.

दोन पेडांचा पीळ

डीएनए हा दोन पेडांचा पीळ घातलेला दोर आहे. त्याची लिपी ए, टी, जी आणि सी या चार रासायनिक अक्षरांची. एका पेडावरचा ए दुसऱ्या पेडावरच्या टीशी दोन बंधांनी जोडलेला असतो, तर जी आणि सी यांच्यात तीन बंध असतात. त्यामुळे जिथे ए आणि टी अधिक, तिथे दोर उसवायला तुलनेने सोपा. जिथे जी आणि सी अधिक, तिथे अवघड.

जनुकातील माहिती या दोराच्या आत, दोन पेडांच्या मधोमध दडलेली असते. तिच्यापासून प्रथिन बनवायचे, तर आधी तिची आरएनए या रेणूच्या रूपात नक्कल व्हावी लागते. हे काम आरएनए पॉलिमरेज नावाचे विकर करते. मात्र पीळ घट्ट असेपर्यंत या विकराला अक्षरे वाचता येत नाहीत. जनुकाच्या आरंभी असलेल्या ठरावीक खुणेपाशी ते थांबते, दोराला मिठी मारते आणि सुमारे तेरा अक्षरजोड्यांच्या अंतरात दोन्ही पेड वेगळे करते. त्या ठिकाणी दोराला जणू एक फुगवटा येतो. नकलेची पहिली अक्षरे या फुगवट्यात जुळवली जातात.

हा फुगवटा कोठे पडावा, हे योगायोगावर सोडलेले नसते. जंतूंमध्ये सिग्मा नावाचे एक सहायक प्रथिन विकराला जोडलेले असते. आरंभाच्या सुमारे दहा अक्षरे आधी ए आणि टी यांनी समृद्ध असा एक छोटा पट्टा असतो. सिग्मा तो ओळखते. त्यातील दोन अक्षरे ते दोरातून बाहेर वळवून आपल्या खोबणीत पकडून ठेवते. एकदा ही पकड बसली, की पेड पुन्हा जुळणे कठीण होते आणि फुगवटा पुढे सरकतो. माणसाच्या पेशीत प्रथिनांच्या जनुकांची नक्कल करणाऱ्या विकराला हेच काम करताना वेगळे इंधन खर्च करणारी मदतनीस यंत्रणा लागते. जंतूंच्या विकराला बहुतेक वेळा तशी गरज पडत नाही. दोराला घातलेल्या मिठीतून मिळणारी ऊर्जाच त्याला पुरते.

जनुक चालू व्हायचे की बंद राहायचे, किती वेगाने चालायचे, याचा पहिला निर्णय येथेच होतो. पेड लवकर सुटले आणि सुटलेले राहिले, तर नकला भराभर निघतात. ते पुन्हा पुन्हा मिटत राहिले, तर जनुक जवळजवळ मुके होते.

क्षयाच्या जंतूची अडचण

क्षयरोगाचा जंतू या बाबतीत वेगळा आहे. त्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा १९९८ मध्ये वाचण्यात आला. त्यात सुमारे ४४ लाख अक्षरजोड्या असून त्यांतील ६५ टक्क्यांहून अधिक जी आणि सी यांच्या आहेत. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते. थोडक्यात, क्षयाच्या जंतूचा दोर अधिक घट्ट विणलेला आहे. शिवाय त्याचे पॉलिमरेज विकर एकटे असेल, तर उघडलेला फुगवटा फार काळ टिकवू शकत नाही. तो लवकर मिटतो.

या अडचणीवर जंतूने उपाय शोधला आहे. कार-डी आणि आरबीपी-ए नावाची दोन प्रथिने त्याच्या मदतीला असतात. त्यांपैकी कार-डी हे फुगवट्याच्या वरच्या टोकाशी दोराच्या खाचेत आपला एक भाग पाचरीसारखा घालते आणि पेडांना पुन्हा मिटू देत नाही, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. सुताराने लाकूड चिरताना फटीत पाचर ठोकावी, तसाच हा प्रकार. ई. कोलायला अशा प्रथिनाची गरज पडत नाही. क्षयाचा जंतू मात्र कार-डीशिवाय जगू शकत नाही.

दार उघडते, वाट अडते

क्षयरोगावरील सर्वांत प्रभावी औषधांपैकी एक असलेले रिफाम्पिसिन नेमके याच यंत्रावर आघात करते. औषध घेतल्यावर लघवीचा रंग नारिंगी होतो, त्यामुळे क्षयरुग्णांच्या घरोघरी ते परिचित आहे. मिठातील एखादा कण कुलपात अडकावा, तसे ते पॉलिमरेजच्या एका खोबणीत जाऊन बसते.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेतला पाहिजे. रिफाम्पिसिन डीएनएचे पेड वेगळे होण्यापासून रोखत नाही. पेड सुटतात, फुगवटा पडतो, नकलेची पहिली दोन-तीन अक्षरेही जुळतात. पण वाढणाऱ्या नकलेला बाहेर पडण्यासाठी जो मार्ग असतो, त्यातच औषध आडवे बसलेले असते. नक्कल पुढे सरकू शकत नाही आणि तुटून गळते. दार उघडले, पण उंबऱ्यापलीकडची वाट बंद, अशी जंतूची अवस्था होते. नवी प्रथिने बनत नाहीत आणि जंतू मरतो. माणसाच्या पॉलिमरेजची खोबण निराळ्या घडणीची असल्याने आपल्या पेशींचे वाचन त्यामुळे थांबत नाही. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी एका जंतूच्या पॉलिमरेजमध्ये बसलेल्या रिफाम्पिसिनची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली, तेव्हा हे चित्र स्पष्ट झाले.

या औषधाने उपचारांचा काळ बदलला. त्यापूर्वी क्षयरोगाचे उपचार दीड वर्षापर्यंत चालत. रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड यांच्या जोडीमुळे ते सहा महिन्यांवर आले.

एका अक्षराची किंमत

औषधाची ही खोबण जंतूच्या आरपीओ-बी या जनुकाने घडवलेली आहे. त्या जनुकातील ८१ अक्षरांचा एक छोटा पट्टा महत्त्वाचा. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या सुमारे ९५ टक्के जंतूंमध्ये याच पट्ट्यात बदल आढळतो. सर्वाधिक आढळणाऱ्या बदलात तर ४४ लाखांपैकी फक्त एका सीच्या जागी टी आलेला असतो. तेवढ्याने खोबणीचा आकार बदलतो आणि औषध तिथे बसेनासे होते. पेड पूर्वीसारखेच सुटतात, नक्कल पूर्वीसारखीच निघते आणि रुग्ण मात्र गोळ्या घेत राहतो.

असा बदल आपोआप, विभाजनाच्या वेळी होणाऱ्या चुकीतून घडतो. ढोबळ मानाने दहा कोटी जंतूंमागे एखादा रिफाम्पिसिनला दाद न देणारा असतो. आयसोनियाझिड या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत हे प्रमाण दहा लाखांमागे एक असे आहे. फुप्फुसात पडलेल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असू शकतात. एकच औषध दिले, तर त्याला न जुमानणारा जंतू तिथे आधीच हजर असण्याची शक्यता मोठी. दोन्ही औषधांना एकाच वेळी न जुमानणारा जंतू मात्र जवळजवळ अशक्य. एकाच गोळीत अनेक औषधे देण्यामागचे गणित हे आहे. रुग्णाने मध्येच औषध सोडले, काही दिवस कमी मात्रेत घेतले किंवा चारपैकी एकच मिळाले, की हे गणित कोलमडते. मग तो दहा कोटींतला एक जंतू एकटाच वाढू लागतो.

देशात २०१४ ते २०१६ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे आकडे याची साक्ष देतात. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन्हींना दाद न देणारा क्षय नव्या रुग्णांपैकी २.८४ टक्के जणांमध्ये आढळला. पूर्वी उपचार घेतलेल्यांमध्ये हेच प्रमाण ११.६० टक्के होते. चारपट अंतर आहे.

हा बदल जंतूलाही महागात पडतो. खोबण बदललेले विकर अनेकदा कमी वेगाने काम करते. परंतु २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले, की असे जंतू पॉलिमरेजच्याच इतर भागांत आणखी बदल घडवून ही कसर भरून काढतात. दाद न देणारा जंतू दुबळा असतो, म्हणून तो आपोआप मागे पडेल, या समजुतीवर विसंबणे म्हणूनच धोक्याचे आहे.

मुंबईचा इशारा, गोव्याचे यंत्र

या धोक्याकडे देशाचे लक्ष मुंबईने वेधले. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले, आणि २०१२ च्या आरंभी ही बातमी जगभर पोचली. 'संपूर्ण प्रतिरोधी' हा शब्द शासनाने मान्य केला नाही, त्यावर वाद झाला. पण त्याच वर्षी मे महिन्यात क्षयरोगाची नोंद सक्तीची करण्यात आली आणि रेणूंवर आधारित चाचण्यांचा विस्तारही वेगाने सुरू झाला.

या चाचण्यांची युक्ती मोठी मनोवेधक आहे. पेशीत विकर जे काम ३७ अंश तापमानात अलगद करते, तेच यंत्रात ९५ अंशांच्या आसपास उष्णता देऊन केले जाते. डीएनएचे पेड वेगळे होतात, ८१ अक्षरांच्या त्या पट्ट्याच्या लाखो प्रती तयार होतात आणि मग प्रकाश देणारे छोटे शोधक रेणू त्या प्रतींवर सोडले जातात. पट्टा मूळचा असेल, तर शोधक घट्ट जुळतो. अक्षर बदललेले असेल, तर जुळत नाही. त्यावरून जंतू आहे की नाही आणि तो रिफाम्पिसिनला दाद देईल की नाही, हे सुमारे दोन तासांत कळते. सूक्ष्मदर्शकाखालच्या थुंकी तपासणीत यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कधीच मिळत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तरही थुंकीत जंतू भरपूर असतील तरच मिळते.

सीबीनॅट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. ती परदेशी काडतुसावर आणि अखंड विजेवर अवलंबून असते. तिच्या जोडीला आलेले ट्रूनॅट यंत्र भारतीय आहे. गोव्यातील मोलबायो ही कंपनी ते बनवते आणि २०२० मध्ये त्यालाही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली. ते बॅटरीवर चालते, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येते.

मिरज ते उसाचा फड

कोल्हापूर आणि सांगली परिसराचा क्षयरोगाशी संबंध जुना आहे. विल्यम वानलेस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिरजेजवळच्या वानलेसवाडीतील क्षयरोग आरोग्यधामात एके काळी दक्षिण महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून रुग्ण येत. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार हाच तेव्हा उपचार होता. घरी राहूनही औषधांनी तितकाच गुण येतो, हे मद्रासच्या अभ्यासाने १९५९ मध्ये दाखवून दिले आणि आरोग्यधामांचे युग मावळले. उपचार रुग्णाच्या घरी आला. त्याबरोबर औषध नियमित पोचवण्याची जबाबदारीही व्यवस्थेवर आली.

ही जबाबदारी या जिल्ह्यात सोपी नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत फाउंड्री उद्योग मोठा आहे. साच्यांच्या वाळूतून उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात साठली, की क्षयरोगाचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राला अनेक दशकांपासून ठाऊक आहे. दुसरीकडे, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येथे दाखल होतात. हंगाम साधारण चार-पाच महिन्यांचा, तर क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. गावात सुरू झालेला उपचार फडावर चालू ठेवावा लागतो किंवा फडावर सुरू झालेला गावी परतल्यावर. मधल्या स्थलांतरात आठ-पंधरा दिवसांचा खंड पडला, तर त्याची नोंद कोपीत राहणारा कामगार ठेवत नाही. जंतू मात्र ती ठेवतो.

निक्षय या संगणकीय नोंदप्रणालीत रुग्णाची ओळख देशभर एकच राहते, त्यामुळे तो कोठेही औषध घेऊ शकतो. पोषणासाठी मिळणारी मासिक मदतही नोव्हेंबर २०२४ पासून पाचशे रुपयांवरून हजार रुपये झाली आहे. ही व्यवस्था कागदावर चांगली आहे. पण औषधच उपलब्ध नसेल, तर नोंदीचा उपयोग काय? मार्च २०२४ मध्ये क्षयरोगाच्या नेहमीच्या औषधांचा केंद्रीय पुरवठा विस्कळीत झाला आणि राज्यांना ती स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगण्यात आले. प्रशासनाच्या दृष्टीने ही खरेदीप्रक्रियेतील अडचण असेल. पॉलिमरेजच्या खोबणीच्या दृष्टीने तो दाद न देणाऱ्या जंतूला दिलेला मोकळा श्वास आहे.

पुढची औषधे, आजची निकड

रिफाम्पिसिन निकामी झाल्यास पर्याय आहेत. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या सहा महिन्यांच्या उपचारपद्धतीला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. पूर्वी दाद न देणाऱ्या क्षयासाठी वीस महिन्यांपर्यंत औषधे घ्यावी लागत, हे पाहता ही मोठी सुधारणा आहे. मात्र ही औषधेही पुरवून वापरण्याची आहेत. त्यांनाही न जुमानणारे जंतू निर्माण होऊ शकतात.

दरम्यान, संशोधकांचे लक्ष पुन्हा पेड सुटण्याच्या क्षणाकडे वळले आहे. फिडाक्सोमिसिन हे औषध रिफाम्पिसिनच्या एक पायरी आधीच आघात करते. विकराचा जबडा ते उघडा अडकवून ठेवते आणि पेड वेगळे होऊच देत नाही. क्षयाच्या जंतूच्या पॉलिमरेजवर ते कसे बसते, हे २०१८ मध्ये उलगडले. खोबण वेगळी असल्याने रिफाम्पिसिनला न जुमानणारे जंतूही प्रयोगशाळेत त्यापुढे टिकत नाहीत. पण हे औषध आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाही, त्यामुळे आतड्याच्या संसर्गापुरताच त्याचा उपयोग होतो; फुप्फुसातल्या जंतूपर्यंत ते पोचत नाही. कार-डीची पाचर सैल केली, तर जंतू रिफाम्पिसिनपुढे अधिक हतबल होतो, असेही २०१२ मध्ये दिसून आले आहे. या वाटांनी उद्या नवी औषधे मिळतील. पण आजचा रुग्ण त्यासाठी थांबू शकत नाही.

म्हणूनच आहे ते रिफाम्पिसिन जपणे हेच शहाणपणाचे. प्रत्येक क्षयरुग्णाची रिफाम्पिसिनबाबत तपासणी व्हावी, हे धोरण देशाने २०१८ पासून स्वीकारले आहे. तरीही अनेक ठिकाणी निदानाची भिस्त सूक्ष्मदर्शकावरच आहे आणि रेणवीय चाचणी नंतर, उपचारांना गुण येत नाही असे दिसल्यावर केली जाते. हा क्रम उलटला पाहिजे. तोपर्यंतच्या काही आठवड्यांत दाद न देणारा जंतू खोकल्यावाटे घरातल्या आणि कारखान्यातल्या इतरांपर्यंत पोचलेला असतो, आणि मग ज्याने एकही गोळी चुकवलेली नाही, अशा नव्या रुग्णालाही पहिल्या दिवसापासून निकामी औषध मिळते. शिवाय वेगवान चाचणी केवळ रिफाम्पिसिनपुरते बोलते. आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू तिच्यातून निसटू शकतो, त्यासाठीची पुढची तपासणीही वेळेत व्हायला हवी.

यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. संशयित रुग्णाच्या थुंकीची पहिली तपासणी यंत्रावर व्हावी, सूक्ष्मदर्शकाखाली नव्हे. चाचणीच्या चिप आणि काडतुसे यांचा, तसेच औषधांचा किमान काही महिन्यांचा साठा प्रत्येक जिल्ह्यात कायम असावा. आणि साखर कारखान्याने गाळप सुरू करताना आपल्या तोडणी कामगारांतील क्षयरुग्णांची खबर जिल्हा क्षयरोग केंद्राला देण्याची पद्धत घालून द्यावी. टोळी गावी परतताना तीच खबर पुढच्या जिल्ह्याला जावी. यांपैकी एकही गोष्ट नव्या शोधावर अवलंबून नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असे आपण म्हणतो. क्षयाच्या जंतूचा पीळ सोडवण्याची जागा विज्ञानाने अक्षरापर्यंत दाखवून दिली आहे. तिथवर औषध वेळेवर आणि न चुकता पोचवणे हे काम मात्र व्यवस्थेचे आहे.